कोरडी गारगोटी

१२ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, आधी त्याची माफी मागते. तुझं शेवटचं पत्र येऊन वर्ष उलटून गेलं. उत्तर लिहायला अनेकदा बसले आणि दर वेळी तारखेच्या पुढे गेले नाही. कारणं द्यायची तर भरपूर आहेत, पण त्यातलं एकही मला स्वतःला पटत नाही, तेव्हा ती तुझ्या गळ्यात मारत नाही.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ शाबूत आहे. ओतशाळेचं छप्पर उन्हाळ्यात बदलून घेतलं. मांजरीनं साच्याच्या मातीत पिल्लं घातली, त्यामुळे एका शाळेची घंटा महिनाभर उशिरा गेली. हेडमास्तरांना मी खरं कारण कळवलं, तर त्यांनी एक पिल्लू मागून घेतलं. जहाजांच्या घंटांचं काम भरपूर आहे. माझे केस पिकले आहेत आणि मी ते लपवत नाही.

या पत्रात तुझ्याकडे एक गोष्ट मागायची आहे. ती शेवटी मागेन. त्याआधी काय घडलं ते नीट क्रमानं सांगते, म्हणजे माझं काही चुकलं असेल तर तुला बोट ठेवता येईल.

आपल्या गल्लीचा दिवेवाला तुला आठवत असेलच. लंगडत यायचा, शिडी लावायचा आणि वात पेटवताना ज्योतीच्या कानात काहीतरी पुटपुटायचा. मग वादळ आलं तरी दिवा विझायचा नाही. लहानपणी तुला तो शिडीवर चढू द्यायचा, मला नाही. "तू पडलीस तर तुझी आई मला विझवेल" म्हणायचा. त्याला गेल्या महिन्यात अटक झाली.

झालं असं. नगराध्यक्षांची मानाची सोन्याची साखळी उजळायला म्हणून सराफाच्या पेढीवर गेली होती आणि तिथून नाहीशी झाली. सराफ वारून तीन वर्षं झाली. पेढी त्याची बायको सांभाळते. तिनं सांगितलं की संध्याकाळी दिवेवाला वरच्या खिडकीतून शिडीवरून उतरताना आपण पाहिला. सराफीणबाई कोण हे तुला मी सांगायला नको. तूर्त एवढंच.

दोघांनाही साक्षघंटेखाली उभं केलं. सराफीणबाई म्हणाली, "मी याला पाहिलं." घंटा गप्प. दिवेवाला म्हणाला, "मी त्या घराला शिडी लावलीच नाही." घंटा पुन्हा गप्प. दोन उलट गोष्टी, आणि एकावरही घंटा गुणगुणली नाही. न्यायाधीशांनी कपाळाला हात लावला आणि घंटा तपासायला आपल्याला निरोप पाठवला.

निरोप घेऊन तपासनीस आले. उंच, पन्नाशीला टेकलेले, स्वच्छ उन्हातही छत्री घेऊन फिरणारे. आई त्यांना तोंडावर 'साहेब' आणि मागे 'छत्री' म्हणते. त्यांना घंटेबद्दल काहीच माहीत नव्हतं. मग मी सगळं पहिल्यापासून समजावलं: साक्षघंटेला लोलक नसतो. खाली उभा राहून कुणी खोटं बोललं की ती आपली आपण गुणगुणते. ती ओतताना भट्टीपाशी कुणी अवाक्षर काढायचं नसतं, कारण त्या वेळी बोललेला शब्द धातूत राहतो आणि घंटा तो शब्द जन्मभर पाळते. म्हणून ओतताना घरातला प्रत्येक माणूस तोंडात आपापली गारगोटी धरतो.

"प्रत्येकाची वेगळी?"

"ज्याची त्याची. जन्मल्यावर किंवा या घरात आल्यावर मिळते."

"आणि चुकून गिळली तर?"

"तर पुढे काही दिवस तो माणूस फार जपून बसतो."

ते हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. हे इथे लिहायचं कारण नव्हतं, पण खोडत नाही.

कोर्टात आम्ही घंटा तपासली. मी म्हटलं, "मी पंचवीस वर्षांची आहे," आणि ती लगेच गुणगुणली. मग त्यांना खाली उभं केलं.

"म्हणजे मी नुसतं खोटं बोलायचं?"

"नुसतं. अवघड नाही, लोक रोज करतात."

"मी उत्तम गातो," ते म्हणाले. घंटा वाजली.

"अजून एक."

त्यांनी जरा विचार केला. "मी ओतशाळेत फक्त कामापुरता येतो."

दादा, ती अशी घुमली की शेजारच्या खोलीतल्या कारकुनानं दारातून डोकं काढलं. तपासनिसांनी छत्री उघडली, मिटली, आणि म्हणाले, "थंडीचा परिणाम असेल." त्यावर ती आणखी जोरात वाजली.

त्या दिवशी रोजनिशीत मी 'घंटा निर्दोष' एवढेच दोन शब्द लिहिले आणि तसाच दाखला कोर्टाला दिला.

त्या दाखल्यानं दिवेवाल्याचा घात झाला. न्यायाधीशांचा हिशेब सरळ होता. घंटा चांगली, बाई गावातली प्रतिष्ठित, तेव्हा खोट या माणसात. जो ज्योतीला वश करतो त्यानं घंटेलाही वश केलं असेल. चोरीवर जादूटोण्याचाही आरोप लागला आणि त्यानंतरच्या एका शनिवारच्या जहाजानं त्याला खाणींवर पाठवायचं ठरलं. खाणीवरून परत आलेला माणूस तू कधी पाहिला आहेस? मी नाही.

गल्लीत नवा माणूस दिवे लावू लागला. त्याला शब्द येत नव्हते. जरा वारा आला की दिवे पटापट विझायचे आणि मी भिंत चाचपडत घरी यायचे. एकदा अशीच भिंतीला धरून उभी असताना माझ्या डोक्यात आलं, आम्ही घंटा तपासली ती कुणावर? माझ्यावर, तपासनिसांवर, कोर्टाच्या पट्टेवाल्यावर. जिच्या शब्दावर हा सगळा डोलारा उभा आहे, तिच्यावर नाही.

घंटा जिच्यावर गप्प बसली त्या साक्षीदाराला पुन्हा उभं करता येत नाही, की तिच्या घराची झडती घेता येत नाही. कायदा तसा आहे. पण चहा विचारता येतो. जबानीवर सही करायला सराफीणबाई कोर्टात आली तेव्हा तपासनिसांनी तिला घंटेखालच्या साक्षीदाराच्या खुर्चीवर बसवलं, कारण बाकीच्या खुर्च्यांवर मी मुद्दाम कागद पसरून ठेवले होते. चहा मी केला होता. साखरेऐवजी मीठ घालून.

तिनं एक घोट घेतला. ओठ किंचित मुडपले. मग माझ्याकडे बघून, तिच्या त्या नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "छान झालाय हो चहा."

घंटा गप्प.

ती गेल्यावर कारकून आला, उरलेला चहा आयताच उचलला, मोठा घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलेलं असताना साहेबांना म्हणाला, "वा! फक्कड!" घंटेनं खोली दणाणून सोडली. बिचारा अजून माझ्याकडे संशयानं पाहतो.

"म्हणजे ही घंटा एकट्या त्या बाईला सोडून बाकी सगळ्यांवर वाजते," तपासनीस म्हणाले. "असं कधी होतं?"

मला उत्तर माहीत होतं.

इथवर लिहून उठले होते. आईला जेवायला वाढलं, भांडी आवरली, उगाच कपाट लावलं. आता बसते आणि लिहिते.

ही घंटा ओतली ती सकाळ मी विसरले होते असं लिहिणार होते. विसरले नव्हते. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. बाबा मुशीपाशी होते, आई दाराशी आणि तू साच्याच्या तोंडाशी ओणवा, आमच्याकडे पाठ करून. रस आत गेला, वाफ बसली, आणि सगळ्यांनी गारगोट्या काढून वाटीत टाकल्या. त्या धुवायला बाबांनी वाटी उचलली आणि ते थांबले. बाकीच्या गारगोट्या ओल्या चकचकीत होत्या. एकीवर भट्टीची राख जशीच्या तशी होती. ती त्यांनी बोटांत फिरवली आणि खिशात टाकली. त्याच महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीचं सराफाच्या घरी ठरलं होतं. त्याच महिन्यात बाबांचं आणि तुझं कडाक्याचं भांडण झालं आणि तू जहाजावर चढलास. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले की भांडण हिश्श्यावरून होतं. मला तसं कुणीही सांगितलेलं नव्हतं. ते मीच ठरवलं होतं, कारण ते सोपं होतं.

तपासनिसांना मी आपल्या अंगणात, पाण्याच्या हौदापाशी सगळं सांगितलं. ते बराच वेळ छत्रीच्या टोकानं मातीत रेघा ओढत राहिले.

"तुम्ही हे कोर्टात सांगितलंत तर काय होईल?"

"झडतीची परवानगी मिळेल. दिवेवाला वाचेल. साच्यात बोलणाऱ्या ओताऱ्याला या गावात पुन्हा भट्टीपाशी उभं राहता येत नाही. माझ्या भावाचं नाव ओतशाळेच्या पाटीवरून जाईल."

"आत्ता जे बोललात ते मी ऐकलं नाही असं समजू या. मी दुसरा मार्ग शोधतो."

"दुसरा मार्ग आहे?"

अंगणात घंटा नव्हती, दादा. तरी ते म्हणाले, "नाही."

मग आईकडे गेले. ती शेंगा सोलत होती. मी अडखळत सुरुवात केली, तर तिनं सूप बाजूला ठेवलं, उठून पेटी उघडली आणि रुमालात बांधलेली गारगोटी माझ्या हातावर ठेवली. तुझी.

"तुला माहीत होतं?"

"तुझ्या बाबांनी दिली. म्हणाले, ठेव, तो आला की देऊ."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?" ती पुन्हा शेंगा सोलायला बसली. "आता त्याचं नाव घ्यायचं तर सरळ घे. 'आमच्या घरातल्या एका व्यक्तीनं' असं चाचरत बोललीस ना, तर घंटा राहू दे, मीच वाजेन."

आईचं असं. पण माझं तुला माहीत आहे, मला माझाच भरवसा वाटत नाही. मी हे दिवेवाल्यासाठी करते आहे, की तू निघून गेलास, कॉलेज सोडून मला भट्टी सांभाळावी लागली, त्याचं उट्टं काढते आहे? की त्या छत्रीवाल्या माणसासमोर चांगलं दिसायचं म्हणून? रोजनिशीत पानं भरली, उत्तर सापडलं नाही. शेवटी सुनावणीच्या सकाळी लवकर जाऊन, कोर्टात कुणी नसताना घंटेखाली उभी राहिले. तूच केलेली घंटा, म्हटलं, तिलाच विचारू.

म्हटलं, "मला दादाचा राग नाही." ती वाजली. चांगली खणखणीत.

मग म्हटलं, "मी हे रागापोटी करत नाही."

गप्प.

आणखी जरा थांबले, वाट पाहिली. गप्पच. मला राग आहे आणि मी रागापोटी करत नाही, या दोन्ही गोष्टी एका माणसात मावतात, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. उशिरा का होईना, पक्कं कळलं.

सुनावणीत मी तुझं नाव घेतलं. सरळ घेतलं. आई पहिल्या बाकावर होती. "माझ्या थोरल्या भावाची गारगोटी कोरडी होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं," असं म्हणाले, आणि डोक्यावरची घंटा अजिबात हलली नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि झडतीचा हुकूम दिला.

पेढीवर शिपायांनी कपाटं उघडली, गाद्या उसवल्या, काही मिळेना. सराफीणबाई ताठ बसून होती. माझी जुनी खोड तुला माहीत आहे, पितळ दिसलं की टिचकी मारल्याशिवाय राहवत नाही. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना बाबांनी ओतलेली दिव्यांच्या पोकळ खांबांची जोडी आहे. बाबा जोडी ओतायचे ती सुरात जुळवूनच. डावीकडच्या खांबाला टिचकी मारली, तो गायला. उजवीकडच्याला मारली, तर 'ठक्'. मी तपासनिसांकडे पाहिलं. त्यांनी खांबाचा तळ उघडायला लावला आणि कापडात गुंडाळलेली साखळी बाहेर पडली.

तिनं आरडाओरडा केला नाही. दीर पेढी गिळायला टपला होता, हातात काहीतरी असावं म्हणून केलं, म्हणाली. दिवेवाल्याचं नाव का घेतलंस, असं मी विचारलं. "रोज खिडकीसमोर तोच दिसायचा," ती म्हणाली. नंतर, शिपाई जरा लांब असताना, ती हळूच म्हणाली, "त्यानं मला एवढंच दिलं होतं. घंटा तुला कधी दुखवणार नाही, असं जाताना सांगून गेला. मी जपून ठेवलं होतं गं. एकदाच वापरलं." आणि मग, "तो येणार आहे का?"

मला तिचा तिरस्कार करायचा होता. तो नीटसा जमला नाही.

दिवेवाला शुक्रवारी सुटला, जहाज निघायच्या आदल्या दिवशी. त्याच संध्याकाळी लंगडत शिडी घेऊन आला. सगळी गल्ली दारात उभी होती. पहिला दिवा लावून झाल्यावर मला म्हणाला, "दादाला कळवा, शिडी तीच आहे. त्याचं वजन सोसेल का ते मात्र बघावं लागेल." ठपका ना टोमणा, एवढंच. दिवे आता विझत नाहीत.

पाटी मी स्वतः उतरवली. दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालला नसता. बाबांचं नाव पुन्हा लावलं, त्याखाली माझं. तुझ्या नावाची अक्षरं वितळवली नाहीत. ती कपाटात आहेत.

आता मागणं.

घंटा वितळवून पुन्हा ओतायची आहे. पण धातू वितळला तरी शब्द जात नाही. ज्यानं टाकला त्यानं मुशीपाशी उभं राहून परत घेतला तरच जातो. तो परत घेण्यापुरतं तुला भट्टीपाशी उभं राहू द्यायला न्यायाधीश तयार आहेत. तोवर ती घंटा कापडात गुंडाळून ठेवली आहे आणि सराफीणबाईचा खटला अडला आहे, कारण तो नव्या घंटेखालीच चालायचा. म्हणजे दादा, तू यायला हवंस. चार लोकांसमोर, आणि बहुधा तिच्याही समोर, तुला ते शब्द मागे घ्यावे लागतील. बाविसाव्या वर्षी प्रेमानं टाकलेला शब्द मागे घेणं सोपं असेल असं मी म्हणत नाही. म्हटलं तर कुठेतरी घंटा वाजेल.

तू लिहिशील की भट्टीपासून बाद झालेल्या माणसानं त्या घरात कोणत्या तोंडानं यायचं. मी याचा विचार केला आहे. तुला ओतता येणार नाही. पण ओतताना घरच्या माणसानं सोबत उभं राहायला परवाना लागत नाही, गारगोटी लागते. ती तुझी आहेच.

आणखी एक. परवा आम्ही ओढ्यावर गेलो होतो, तपासनीस आणि मी. बराच वेळ शोधून एक पांढरी, सपाट गारगोटी निवडली. त्यांच्यासाठी. यावरून काय ते समज आणि आल्यावर थट्टा कर, पत्रातून करू नकोस. आईनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "बरी आहे. छत्रीपेक्षा हलकी."

भट्टी मी तू आल्यावरच पेटवीन. वाट पाहायला मला आता जड जात नाही. पुढच्या जहाजानं निघ.

रोजनिशीच्या सवयीनं शेवटची ओळ इथेही तशीच लिहिते.

तुझी, अजूनही जराशी रागावलेली,
धाकटी

उद्याचं काम : दादाची गारगोटी धुऊन वाटीत ठेवणे.